चार परस पाणी

गिरिजा परड्यातून पळत आली ती पायाची माती न झाडता थेट चुलीपर्यंत.

"आई, मरळीनं पोरं घातली. विहिरीत. लाल लाल हायत, तिखटाच्या पुडीगत. बूबू म्हणली, शंभरावर असतील."

महानंदानं तव्यावरची भाकरी उलटली. मरळ हा मासा तिला काही अनोळखी नव्हता. बी.एस्सी.ला तिनं प्राणिशास्त्र घेतलं होतं आणि त्याचं लॅटिन नाव तिला अजून पाठ होतं.

"हायत नाही, आहेत. आणि पोरं नाही गं, पिल्लं म्हणायचं. आधी ती अंडी घालते. ती पाण्यावर तरंगतात, मग नर-मादी दोघं मिळून..."

"बूबू म्हणली पोरं," गिरिजा म्हणाली आणि आली तशी पळाली.

भाकरी एका बाजूनं करपली.

कळंब्याच्या त्या टोकाला तीन घरांत मिळून एक विहीर होती. एक घर महानंदाचे सासरे चन्नाप्पा यांचं, एक धोंडुबाईचं, आणि तिसरं, विहिरीला अगदी खेटून, रोशनबीचं. तिला सगळं कळंबं बूबू म्हणायचं. ती वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, शिवून पोट भरायची. तिचा नवरा लालासाब विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून काढून द्यायचा, गाळ उपसायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मरळीची जोडी त्यानंच तळ्यातून घागरीत घालून आणली आणि विहिरीत सोडली. मरळ असली की पाण्यात डासाची अळी राहत नाही, किडा राहत नाही. पाणी राखायला ठेवलेली ती राखणदार.

आणि मरळीला पिल्लं झाली की परड्याचा एक रिवाज होता. पंधरा दिवस एकाच रहाटावरून पाणी काढायचं. बादली आपटायची नाही, अलगद सोडायची. वर आलेली बादली ओतण्याआधी तिच्यात बघायचं. पिल्लू आलं असेल तर ओंजळीनं परत सोडायचं. हे बघायचं काम परड्यातल्या लहानात लहान, पण नजर पक्की असलेल्या पोराकडं. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या वैशाखात ते काम सहा वर्षांच्या गिरिजाकडं आलं. अर्थात बूबूनं दिलं. महानंदाला कोणी विचारलं नाही.

मत्सर हा शब्द महानंदाला पुस्तकातला वाटायचा. आपल्या पोटात जे आहे त्याला ती काळजी म्हणायची. काळजीला कारणही होतं. मागल्या वर्षी गिरिजाला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस महानंदा उशाशी बसून होती, अंग पुसत होती, डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर दर चार तासांनी ताप लिहीत होती. सतराव्या दिवशी पोरीनं डोळे उघडले, आईच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "बूबू कुठाय?"

ते शब्द महानंदा अजून विसरली नव्हती. 

ताप गेला, केस परत आले, पण पोर मात्र दिवसभर परड्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं सगळं. रोशनबी वाकळेला टाके घालतेय, गिरिजा सुईत दोरा ओवून देतेय, आणि दोघींची डोकी एकमेकींना लागलेली. घरात आली की पोर सांगायची, टिटवीनं औंदा उंचावर अंडी घातल्यात, पाऊस थोर हाय. लिंबाला एवढा मोहर आलाय म्हणजे आंबा कमी. महानंदा पुस्तकं उघडून बघायची, त्यात यातलं काही नसायचं. एकदा तिनं शहरात जाऊन महाद्वार रोडवरून पक्ष्यांचा रंगीत तक्ता आणून भिंतीला लावला. गिरिजानं तो नीट बघितला, बोट लावून बघितला, आणि म्हणाली, "टिटवी बरी काढलीया. पण ही वरडत न्हाई."

संध्याकाळी दोघं म्हातारी विहिरीच्या कट्ट्यावर बसत. चन्नाप्पा एका अंगाला, विहिरीकडं पाठ करून, कपाळाला भस्माचे पट्टे. रोशनबी दुसऱ्या अंगाला, मांडीवर वाकळ. पिल्लं दिसली त्या संध्याकाळी महानंदा पोरीला जेवायला न्यायला म्हणून तिथं गेली आणि उभी राहिली.

"नळ येणार म्हणत्यात," चन्नाप्पा म्हणाले. "घराघरात. तोटी फिरवली की पाणी."

"येऊ दे की. चांगलंच हाय. माजं गुडघं सुटतील." रोशनबीनं दोरा दातानं तोडला. "पण तळ्याकाठच्या गल्लीत नळ आला आनि वर्साच्या आत विहिरीत चपला, खरकटं, मेलेली मांजरं. जवर त्यातलं पीत हुती तवर कोण थुंकत बी न्हवतं."

"माणसाचं तसंच हाय. गरज हाय तवर देव."

"देव न्हवं वो अण्णा. शेजारी. शेजाऱ्याशी भांडतो माणूस, पण त्याच्या दारात घाण न्हाय टाकत. आता पाणी कुठनं येतंय त्येच ठाऊक न्हाय. मग लाज कुणाची धरायची?"

चन्नाप्पा म्हणाले, "आमच्या वक्ताला पाणी आटतंय म्हंजे काय ठाऊक न्हवतं. हितं वाकून तांब्या बुडवायचो मी. चार परस पाणी असायचं."

"असायचं," रोशनबी म्हणाली.

"वैशाखात बी."

"वैशाखात न्हवं, भादव्यात. तवा तुमी ईस वर्सांचं हुता, तुमाला बाराही महिनं भादवाच दिसायचा."

गिरिजा खुदकन हसली. महानंदा म्हणाली, "चल जेवायला."

"बूबूचं दोन टाकं ऱ्हायल्यात."

"राहिलेत. आणि ते बूबूंचे आहेत ना, मग त्या घालतील."

"जा गं, आईचा जीव उपाशी हाय," रोशनबी म्हणाली. तिच्या मनात काही नसेलही, पण महानंदाला ते लागलं.

आठच दिवसांत नदीकडच्या एका वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आल्याची बातमी आली. आरोग्य खात्याची एक बाई सायकलवरून घरोघर फिरून गेली. तिनं ब्लिचिंग पावडरचा एक डबा आणि एक छापील कागद महानंदाच्या हातात दिला, कारण परड्यात वाचता येणारी बाई तीच. हजार लिटरला अडीच ग्रॅम, असं कागदावर होतं. विहिरीचा व्यास मोजा, पाण्याची खोली मोजा, गुणाकार करा. खूप दिवसांनी कुणीतरी तिला तिच्या शिक्षणाचं काम दिलं होतं. ती डबा घेऊन कट्ट्यावर गेली.

रोशनबीनं डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"पंधरा दिस थांब. आठ तर गेलं की. पोरं आंगठ्याएवढी झाली की आईबाप सोडत्यात त्येंला. मग टाक काय टाकायचं ते."

"साथ पंधरा दिवस थांबते का, बूबू?"

"न्हाय थांबत. उकळून पाज पोरीला."

"सगळी घरं उकळून पितात का?"

"न्हाय पीत. पण पोर तुजी हाय, धोंडुबाईची न्हवं."

धोंडुबाई रहाटापाशी उभी होती, ती हसली. चन्नाप्पाही हसले. गिरिजाला काय कळलं कोण जाणे, तीही हसली, आणि तिचं हसणं महानंदाला सगळ्यांत जास्त ऐकू आलं.

नवरा बसलिंगाप्पा लक्ष्मीपुरीतल्या भुसार दुकानातून सायकल मारत दिवेलागणीला आला. तिनं सगळं सांगितलं. त्यानं हातपाय धुतले, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बूबूला विचारून कर काय ते."

"आपल्या घरच्या पाण्याचं त्यांना विचारायचं?"

"अगं, विहिरीचं तिला कळतं."

"आणि मला?"

तो बिचारा ताटाकडं बघत राहिला. त्याला भूक लागली होती.

पुढल्या बुधवारी रोशनबीच्या लेकीचा, शहाजादीचा, कागलहून निरोप आला. ती बाळंत झाली होती. रोशनबी पिशवी भरून निघाली. जाताना गिरिजाला जवळ बोलावून म्हणाली, "दोन दिसांत येतो. विहीर तुज्याकडं." पोर एवढी ताठ उभी राहिली, जणू तुरुंगाच्या दारावरचा शिपाई. महानंदानं खिडकीतून बघितलं. आईनं कधी काही सोपवलं तर अशी उभी राहिली असती का, हा विचार तिच्या मनात आला आणि मनातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाला दोनदा पातळ झालं. आदल्या दिवशी धोंडुबाईच्या झाडाच्या कैऱ्या तिखटमीठ लावून खाल्ल्या होत्या, ते खरं. पण महानंदाच्या डोळ्यांपुढं मागल्या वर्षीचा तापाचा कागद उभा राहिला.  तिनं पोरीला साखरमिठाचं पाणी पाजलं, दुपारी थोपटून निजवलं, आणि डबा काढला.

व्यास मोजणं सोपं होतं. कपडे वाळत घालायची दोरी विहिरीच्या तोंडावर आडवी धरली, बारा फूट. खोली मोजायला दोरीला दगड बांधायला हवा होता. तसा दगड बांधलेली, फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी तयारच होती, रोशनबीच्या ओसरीवर, खुंटीला. लालासाबची. दर शुक्रवारी रोशनबी ती विहिरीत सोडायची, किती गाठी भिजल्या ते बघायची आणि परत टांगायची. कशासाठी, हे महानंदानं कधी विचारलं नव्हतं. ती ओसरीपर्यंत गेली. हात वर केला. आणि थांबली. तिच्या दोरीनं मोजायचं म्हणजे तिलाच विचारल्यासारखं. आज नाही. आज एक दिवस तरी नाही.

चन्नाप्पा सोप्यात पडले होते, डोळ्यांवर उपरणं.

"मामंजी, आपल्या विहिरीला पाणी किती आहे?"

"चार परस," ते उपरण्याखालून म्हणाले. जरासुद्धा अडखळले नाहीत. "कवाबी."

परस म्हणजे उभ्या माणसाची उंची. तिनं सहा फूट धरली. चार परस म्हणजे चोवीस फूट. तिनं वहीच्या पाठकोऱ्या पानावर गुणाकार केला, घनफुटांचे लिटर केले, दोनदा तपासलं. पाऊण लाख लिटरच्या वर. पावडर एकशे नव्वद ग्रॅम. तराजूत पुडी टाकताना काळजीनं आणखी एक चिमूट पडली. दोनशे. कागदावर सांगितल्याप्रमाणे बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळ अलगद, अगदी अलगद विहिरीत सोडली. खाली पाण्यावर तिखटाच्या पुडीसारखा ठिपक्यांचा गोळा हलत होता आणि त्याच्या खाली दोन काळ्या सावल्या गोल गोल फिरत होत्या. मापात टाकलं की काही होत नाही, तिनं स्वतःला सांगितलं. माप तिनं काढलं होतं.

सकाळी पहिली बादली वर आली आणि गिरिजा तिच्यात बघत राहिली. महानंदा मागं जाऊन उभी राहिली. बादलीत पिल्लंच पिल्लं, पण लाल नव्हती. भिजलेल्या भातासारखी पांढरी पडली होती. विहिरीत डोकावलं तर कडेकडेनं तसलाच पांढरा थर, आणि मधे एक मोठी मरळ पोट वर करून.

"आई," गिरिजा हळूच म्हणाली, "मी काल दुपारी झोपले."

"मग?"

"बूबूनं विहीर माझ्याकडं दिलती. मी झोपले, आणि कुणीतरी बादली आपटली असणार." तिनं मागं वळून बूबूच्या बंद दाराकडं बघितलं. "बूबूला सांगू नको हं आई. आपण दोघीच."

आणि तिनं महानंदाचा पदर दोन्ही हातांनी धरला.

सांगायचं होतं ते महानंदाच्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण पोरीचं कपाळ तिच्या पोटाला टेकलं होतं, गरम, आणि "आपण दोघीच" हे शब्द किती दिवसांनी ऐकले होते. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नाही सांगत."

तो दिवस गिरिजा आईच्या मागं मागं होती. पीठ मळताना जवळ, भांडी घासताना जवळ. पिल्लं दोघींनी गोळा करून शेवग्याच्या मुळाशी पुरली. जुनी मरळही तिथंच. विहिरीचं पाणी आज प्यायचं नाही, एवढं महानंदानं सगळ्यांना सांगितलं आणि प्यायचं पाणी तळ्याकाठच्या नळावरून आणलं. चन्नाप्पा म्हणाले, "पाणी तापलं असंल उनानं," आणि पाठ विहिरीकडं करून बसले. दुपारी गिरिजानं भिंतीवरच्या तक्त्यातले सगळे पक्षी आईला विचारले, एकेक करून. महानंदानं सांगितले. तिला एवढं सुख होत होतं की त्याची भीती वाटत होती. चोरून आणलेल्या दागिन्यासारखं, घालायचं पण आरशात बघायचं नाही.

शनिवारी दुपारी रोशनबी एसटीतून उतरली. नातीच्या बारशाआधीच बत्तासे घेऊन आली होती. "गिरजे," तिनं लांबूनच हाक मारली. गिरिजा आईच्या पाठीमागं गेली.

रोशनबी थबकली. पिशवी ओसरीवर ठेवली आणि आधी विहिरीकडं गेली. वाकून बघितलं. बादली सोडली, वर काढली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. मग खुंटीवरची दोरी काढली, दगड सोडला, तळ लागल्यावर वर ओढली आणि भिजलेल्या गाठी मोजल्या. चन्नाप्पा, धोंडुबाई, महानंदा, सगळे उभे.

"कोण हुतं विहिरीवर?" रोशनबीनं विचारलं.

गिरिजा पुढं आली. आईचा पदर तिच्या मुठीत तसाच होता. "बूबू, मी मारली पोरं. मी झोपले. मी बघितलंच न्हाई."

आता महानंदानं काही बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. पोरीला बूबूसमोर जायची लाज वाटली असती, आजही, उद्याही, आणि ती आईच्या पदराला धरून राहिली असती. डबा कपाटात मागं होता. कोणी बघितलं नव्हतं.

तिनं पोरीच्या मानेकडं बघितलं. बारीक मान, आणि ती खाली घातलेली. अशी मान तिनं या पोरीची कधी बघितली नव्हती.

"तिनं काही केलं नाही," महानंदा म्हणाली. "मी पावडर टाकली. गुरुवारी दुपारी."

गिरिजानं वर बघितलं. मग मूठ उघडली. पदर चुरगळलेला होता, तो सुटून खाली पडला.

"किती पाणी धरलंस?" रोशनबीनं विचारलं.

"चार परस. मामंजी म्हणाले."

रोशनबीनं ओली दोरी चन्नाप्पांच्या पुढं धरली. "बघा. पाच गाठी. पाच फूट. एक परस बी न्हाय, अण्णा."

चन्नाप्पांनी दोरी हातात घेतली. ओला भाग कुठं संपतो तिथं अंगठा लावून बघितला, परत लावला. "कवापासनं?"

"भोवतीनं उसाची इंजनं बसली तवापासनं. दर साली हातभर खाली."

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"रोज सांगतीया. तुमी तुमच्या भादव्यातच बसलाय."

"रोज हितं बसतो मी," चन्नाप्पा म्हणाले, कुणाला असं नाही. "आनि वळून बघितलं न्हाय. आमी लोकांस्नी नावं ठेवत बसलो, नळवाल्यांस्नी. आनि मी सूनबाईला चाळीस वर्सांमागचं पाणी सांगितलं."

ते दोरी घेऊन कट्ट्यावर बसले. धोंडुबाई घागर उचलून निघून गेली. गिरिजा रोशनबीच्या ओसरीवर जाऊन खांबाला पाठ लावून बसली. ना आईकडं, ना बूबूकडं.

महानंदा म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"व्हय. नकोच म्हणले असते. आनि तू तरीबी टाकलं असतंस, मला ठाऊक हाय. पण मोजून टाकलं असतंस." रोशनबीचा आवाज चढला होता. "दोरी हितं खुंटीला. हात लांब केला असतास तर काय झडला असता?"

महानंदानं खुंटीकडं बघितलं. 

"कशाला एवढी जळतीस गं माज्यावर? खिडकीतनं बघत असतीस ते मला दिसत न्हाय व्हय?"

"ती माझी मुलगी आहे."

"मग मी कुठं म्हणले माजी हाय?" रोशनबीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला बी पोटात दुखतं की. दिवं लागलं की तू हाक मारतीस आनि ही सुई टाकून पळती. माजी शहाजादी कागलात, नात कागलात. हितं मला हाक मारायला कोन हाय? पण म्हणून मी तुज्या चुलीत पाणी न्हाय वतलं."

एवढं बोलून ती आत गेली. बत्ताशांची पिशवी ओसरीवर तशीच राहिली. तिला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी उपसायचं ठरलं. आता तेवढाच इलाज होता. विहीर रिकामी करायची आणि झऱ्यांनी नवं पाणी भरू द्यायचं. शेजारच्या मळ्यातल्या जोतीरामनं आपलं डिझेल इंजिन आणून लावलं. इंजिन धडधडायला लागलं आणि दोन तासांत विहिरीचा तळ दिसायला लागला. चन्नाप्पा आज विहिरीकडं तोंड करून उभे होते. घोटाभर पाणी आणि गाळ उरला तेव्हा रोशनबी म्हणाली, "बंद कर. एक असंल अजून. मेलेली एकच मिळाली न्हवं? मरळ गाळात शिरती, लवकर मरत न्हाय. कोन उतरतंय?"

"मी जातो," जोतीराम म्हणाला.

"मी उतरते," महानंदा म्हणाली.

"उतरू दे," धोंडुबाई म्हणाली. "बी.एस्सी. झालीया. घागरी बी काढंल आता."

महानंदानं पदर कमरेला खोचला. चन्नाप्पांनी दोर तिच्याकडं टाकला आणि दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. सून विहिरीत उतरतेय आणि सासरा काही बोलत नाही, असं त्या परड्यात पहिल्यांदाच होत होतं. भिंतीतल्या खोबण्यांत पाय ठेवत ती खाली गेली. वरून दिसते त्यापेक्षा विहीर खूप खोल होती. भिंतीवर, तिच्या डोक्याच्या कितीतरी वर, जुन्या पाण्याच्या रेघा होत्या, एकीखाली एक. सगळ्यांत वरची रेघ चार परसांची असावी. आपण पाणी म्हणून जे मोजलं ते म्हणजे ही नुसती हवा होती, हे तिला तिथं उभं राहून कळलं.

गाळ गुडघ्यापर्यंत आला. गार, जड. ती वाकून चाचपत राहिली. कपार, दगड, फुटकी घागर, परत दगड. मग बोटांखाली काहीतरी निसटलं, गुळगुळीत आणि जिवंत. तिनं दोन्ही हातांनी धरलं. त्यानं शेपटीनं असा फटका दिला की गाळ तिच्या तोंडावर उडाला. कोपरापासून बोटांपर्यंत लांब मरळ. तोंड उघडून हवा गिळत होती.

वर आभाळाचा गोल तुकडा होता आणि त्याच्या कडेला डोकी. काल दुपारपासून गिरिजा आईशी एक शब्द बोलली नव्हती.

"जपून, आई," वरून आवाज आला.

महानंदानं मान वर केली.

"डोकं दाबू नको तिचं. मरंल."

म्हणजे मरळीला जपून. महानंदा गाळात उभी राहून स्वतःशीच हसली. माशाचाही हेवा वाटावा, एवढी वेळ आली होती. तिनं मरळ ओल्या पदरात गुंडाळली, पोटाशी बांधली आणि चढू लागली. चन्नाप्पा दोर ओढत होते, त्यांचा श्वास लागलेला खालपर्यंत ऐकू येत होता.

रोशनबीनं नळाच्या पाण्यानं घंगाळ भरून ठेवलं होतं, सकाळीच आणून, नळाच्या औषधाचा वास उडावा म्हणून उन्हात ठेवून. मरळ त्यात सोडली. ती तळाशी जाऊन निश्चल पडली. गिरिजा घंगाळाच्या काठाला हनुवटी टेकून बसली.

"बूबू, ही नर हाय का मादी?"

"मला काय ठाऊक," रोशनबी म्हणाली. "माज्या नवऱ्याला कळायचं. आईला इचार तुज्या, शिकलीया ती."

ती हे टोचून म्हणाली की सरळ, ते तिच्या तोंडावरून कळेना. गिरिजा आईकडं बघायला लागली. कॉलेजात महानंदानं मरळ एकदाच हातात धरली होती, मेलेली, मेणाच्या ट्रेमध्ये, आणि ती मादी आहे हे पोट फाडल्यावर कळलं होतं. त्या दिवशी तिला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले होते.

"बाहेरून मला नाही ओळखता येत," ती म्हणाली. "बघत राहावं लागेल."

गिरिजानं थोडा विचार केला.

"मग बस हितं," ती म्हणाली. "पण बोलू नको. ती भ्यालीया."

महानंदा घंगाळाच्या दुसऱ्या अंगाला बसली. साडीतून गाळ ठिबकत होता. गिरिजानं न बघताच खांदा रोशनबीच्या गुडघ्याला टेकवला, नेहमीसारखा. महानंदानं ते बघितलं, आणि ते तिला दुखलं, पण ती तिथून उठली नाही.